मांडणशिल्पाचे परीक्षण तिसऱ्या आठवड्यात करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दालनभर धुके, पायाखाली माती, चहूकडून पाखरांचे आवाज, भिंतीवरून वाहणारे प्रकाशाचे पाणी. प्रेक्षकाला आत घेऊन त्याचे निसर्गाशी नाते जोडू पाहणाऱ्या अशा मांडणशिल्पांची (इन्स्टॉलेशन) परीक्षणे बहुधा उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी छापून येतात. त्या दिवशी सगळे झकास असते. रोपे रोपवाटिकेतून नुकतीच आलेली असतात, नोझल कोरे असतात, टाकीतले पाणी ताजे असते. खरा कस लागतो तो तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा समीक्षक तिकडे फिरकत नाही, तिकीट काढून आलेला माणूस मात्र आत उभा असतो.

आधी धुक्याबद्दल, कारण ते थेट फुप्फुसात जाते. जपानी कलावंत फुजिको नाकाया यांनी १९७० मध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनातला पेप्सीचा मंडप शुद्ध पाण्याच्या धुक्यात गुंडाळला. आजही पद्धत मुळात तीच आहे: सुमारे ७० बार दाबाचा पंप आणि ०.१५ ते ०.२ मिलिमीटर छिद्राचे नोझल. एवढ्याशा छिद्राला पाण्यातले क्षार सोसत नाहीत. तोंडाशी पांढरा थर धरला की फवारा वाकडा जातो, मग थेंब गळू लागतात आणि जमीन निसरडी होते. म्हणून पाच आणि एक मायक्रॉनचे गाळण लागोपाठ लावून पुढे आरओचे पाणी द्यावे लागते. ते पाणी पितळ-तांबे खाते, तेव्हा नळ्या आणि जोड स्टेनलेस स्टीलचेच हवेत. बंद दालनात सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर गेली की धुके विरत नाही, प्रोजेक्टरच्या भिंगावर आणि जमिनीवर बसते. आर्द्रता मोजून पंप आपोआप बंद करणारा स्विच लागतो. पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री नेमकी त्यालाच लागते.

स्वस्तातला पर्याय म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायची, कंपनांनी धुके उडवणारी अल्ट्रासॉनिक यंत्रे. त्यांचे थेंब तीन-चार मायक्रॉनचे, म्हणजे थेट वायुकोशांपर्यंत पोहोचणारे. पाण्यात जे असेल ते सगळे हवेत जाते: क्षार असतील तर पांढरी भुकटी, गंभीर न्यूमोनिया करणारा लेजिओनेला असेल तर तोही. हा जिवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल इथल्या पुष्पप्रदर्शनात १९९९ मध्ये नुसत्या दाखवण्यासाठी चालू ठेवलेल्या व्हर्लपूलच्या (बुडबुड्यांचे गरम पाण्याचे टब) तुषारांतून तो पसरला आणि ३० हून अधिक माणसे दगावली. त्या पाण्यात कोणी उतरलेही नव्हते, लोक फक्त जवळून गेले होते. उपाय अवघड नाहीत. रोज रात्री नळ्या रिकाम्या करायच्या, बंद टोकाचे फाटे ठेवायचे नाहीत, नोझलच्या आधी अतिनील दिवा लावायचा आणि ठरावीक मुदतीने पाणी प्रयोगशाळेत तपासायचे. यातले चुकते ते पहिलेच, कारण रात्री थांबायला माणूस नसतो.

आता झाडे. प्रोजेक्टरच्या चित्रासाठी दालन अंधारे हवे आणि झाडाला उजेड हवा, हे भांडण मिटत नाही. वीस-तीस लक्सच्या, म्हणजे अगदी मंद, उजेडात सावलीतली झाडेसुद्धा पंधरा-वीस दिवसांत पिवळी पडू लागतात. वर अंधारात मुळे पाणी कमी ओढतात आणि माळी पाणी नेहमीइतकेच घालतो, मग मुळे कुजतात आणि कुंड्यांभोवती चिलटे घोंघावतात. दार बंद झाल्यावर रात्री दहा-बारा तास वाढीचे दिवे लावावेत. उजेड रात्री मिळाला म्हणून झाडाचे बिघडत नाही, त्याला सलग काही तास अंधार मिळाला की झाले. शिवाय झाडांचे दोन संच ठेवून ते आलटून पालटून आत आणावेत आणि मातीचा वरचा बोटभर थर सुकल्याखेरीज पाणी देऊ नये. भिंतीवरचे हिरवेगार ‘जिवंत’ शेवाळ बऱ्याचदा ग्लिसरीन आणि रंग मुरवलेले, मेलेले असते. त्यात गैर काही नाही, पण तसे लिहावे. धुक्याशेजारी मात्र ते लावू नये, रंग ओघळतो आणि बुरशी धरते.

मातीच्या वजनाचा हिशेब सोपा आहे आणि तरी चुकतो. ओल्या मातीचा ३० सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला ४८० किलोच्या आसपास भरतो. सार्वजनिक इमारतींच्या मजल्यांची क्षमता सहसा ४०० ते ५०० किलो धरलेली असते, म्हणजे माणसांसाठी काहीच उरत नाही. कलावंत वॉल्टर डी मारिया यांची न्यूयॉर्कमधली ‘अर्थ रूम’, म्हणजे मातीने भरलेले दालन, १९७७ पासून उभी आहे: ३३५ चौरस मीटरवर ५६ सेंटिमीटर थर, पण पीट (दलदलीतला हलका कुजलेला पाला) आणि झाडाची साल मिसळलेला, एकूण सुमारे १,२७,००० किलो. दर चौरस मीटरला ३८० किलो झाले. तिथे मातीवर कोणी चालत नाही, आणि माती नियमित भिजवून दाताळ्याने सारखी केली जाते.

आवाजाचे थोडक्यात. पाच मिनिटांची एकच ध्वनिफीत दिवसभर फिरवली की प्रेक्षकाआधी पहारेकरी वैतागतो. सात, अकरा आणि तेरा मिनिटांच्या तीन फिती एकत्र सोडल्या तर तोच मेळ १,००१ मिनिटांनी येतो. खर्च शून्य.

आणि वीज. २०,००० ल्युमेनचा लेझर प्रोजेक्टर दीड किलोवॅटच्या आसपास घेतो. असे ४० म्हणजे ६० किलोवॅट, ती उष्णता बाहेर काढायला वातानुकूलनाचे आणखी वीस. दहा तासांत ८०० युनिट. जंगल वाचवण्याचा संदेश देणाऱ्या दालनाच्या दारावर हा आकडा का नसावा? कलावंत ओलाफुर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांनी २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलँडच्या बर्फाचे १२ तुकडे पॅरिसच्या चौकात वितळायला ठेवले. त्या उपक्रमाचे कार्बन उत्सर्जन, अंदाजे ३० टन, जाहीर केले गेले, आणि त्यातला मोठा वाटा बर्फाच्या वाहतुकीचा होता हेही. टीका झाली ती त्याच आकड्यांवरून, आणि ती व्हायलाच हवी होती. कलावंत डेमियन हर्स्ट यांच्या २०१२ च्या लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या प्रदर्शनात, दालनात सोडलेली ९,००० हून अधिक जिवंत फुलपाखरे मेली, हेसुद्धा आकडा बाहेर आला म्हणूनच चर्चेत आले.

तेव्हा आपल्या समीक्षकांना विनंती: परीक्षण उशिरा लिहा, आणि आयोजकांकडे तीन कागद मागा. पाणी तपासणीचा ताजा अहवाल, दिवसाचा वीजवापर, आणि प्रदर्शन संपल्यावर माती, झाडे व प्राणी कुठे जाणार याचे लेखी उत्तर. आत गेल्यावर नोझलखालची जमीन आणि झाडांची खालची पाने पाहा. पहिली ओली आणि दुसरी पिवळी असतील तर तेही परीक्षणात येऊ द्या.

आपले,
मांडणशिल्पांच्या उभारणी व देखभालीचे काम करणारे काही जण