ठोके ९४ आले म्हणून

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

वहिनींच्या सोनोग्राफी रिपोर्टचा फोटो नीट पाहिला. बाळाच्या ‘हार्ट रेट ९४’खाली तू पेनानं दोनदा रेघ ओढलीयस. तुमची रात्र कशी गेली असेल ते त्यावरूनच कळलं. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

त्याच कागदावर वर बघ. गर्भाची लांबी ४ मिलिमीटर, म्हणजे सहा आठवडे एक दिवस. धडधड सोनोग्राफीत दिसायलाच लागते साडेपाच-सहा आठवड्यांत. तेव्हा ठोके मिनिटाला शंभरच्या आसपास असतात, नवव्या आठवड्यापर्यंत १७० च्या घरात जातात आणि मग हळूहळू उतरतात. त्यामुळं गर्भाचं वय सोडून नुसता आकडा वाचायचा नसतो. बोस्टनच्या डुबिले आणि बेन्सन या सोनोग्राफीतल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये हद्द मांडली: या दिवसांत १०० किंवा वर असले तर ठीक, ९० च्या खाली काळजीचं. वहिनी मधल्या पट्ट्यात आहेत. सातव्या आठवड्याच्या शेवटी हेच ९४ आले असते, तर मी असं बोललो नसतो.

आणि हे मोजतात कसं, तेही ऐक. तांदळाच्या दाण्याहून लहान गर्भावर मशीनची एक रेघ धरायची, खाली बारीक लाटा उमटतात, एका लाटेच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कर्सर लावायचा. तो केसभर सरकला तरी पाच-सात ठोक्यांचा फरक पडतो.

खोटा धीर देणार नाही. ठोके कमी असले की गर्भ न टिकण्याची शक्यता वाढते. पण निकाल आज लागत नाही. आठवड्यानं पुन्हा बघायचं: लांबी वाढली का, ठोके १२० च्या वर गेले का. गेले तर माझी काळजी बरीच उतरेल.

काकूंना मात्र आजच सांग, जोतिबाच्या पायऱ्या चढल्यानं ठोके कमी होत नाहीत. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो, तिथं कुणाच्याच हातात काही नसतं. वहिनींना घरात कुणी बोल लावलेला मला चालणार नाही.

फॉलिक ॲसिड चालू ठेवा. पोटात जोरात दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर आठवडा न थांबता लगेच डॉक्टरांकडं जा. नाहीतर पुढच्या शुक्रवारी गारगोटीहून सकाळच्या एसटीनं दोघंही या. आतून तपासायचं असल्यानं पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची गरज नाही. जेवायला घरीच थांबायचं, हिनं सांगितलंय.

तुझाच