‘हितसंघर्ष नाही’ हा हिरवा शेरा आणि मला सोडावे लागलेले वकीलपत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या सॉफ्टवेअरमधील ‘कॉन्फ्लिक्ट चेक’ने दिलेल्या चुकीच्या निर्वाळ्याबाबत

महोदय,

मालवण तालुक्यात मी एकवीस वर्षे दिवाणी वकिली करतो. ऑफिसात मी, एक ज्युनिअर आणि एक टायपिस्ट. वकिलांच्या ऑफिससाठीचे आपले सॉफ्टवेअर 2022 पासून वापरतो आणि वर्गणी दरवर्षी आगाऊ भरतो. या पत्राआधी आपल्या मदत केंद्राकडे दोनदा तक्रार नोंदवली. दोन्ही वेळा ती ‘समस्या सोडवली’ असे लिहून बंद करण्यात आली. काय सोडवले ते मला कोणी सांगितले नाही, आणि समस्या होती तिथेच आहे. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

यंदा आंब्याचा हंगाम संपता संपता एक बाई कलमांच्या बागेच्या वाटपाचा दावा लावायचा म्हणून आल्या. सातबारावर तेवीस नावे. आमच्याकडे याचे कोणाला नवल वाटत नाही. आजोबांच्या मागे वाटप झालेले नसते आणि निम्मे हिस्सेदार मुंबईला असतात. ज्युनिअरने तेवीसच्या तेवीस नावे आपल्या ‘कॉन्फ्लिक्ट चेक’मध्ये, म्हणजे यांपैकी कोणी आधी आमच्याकडेच सल्ल्याला आले होते का हे पाहणाऱ्या शोधात, घातली. हिरवी खूण आली: ‘हितसंघर्ष नाही’. मी वकीलपत्र घेतले, दावा लिहिला, दाखल केला.

समन्स बजावल्यानंतर पहिल्याच तारखेला प्रतिवादी नंबर 11 चे वकील उठले आणि त्यांनी एक नोटीस कोर्टापुढे ठेवली. 2019 ची, त्याच बागेबद्दलची, त्याच प्रतिवादीच्या वतीने दिलेली. लेटरहेड माझे, सही माझी.

हे गृहस्थ तेव्हा दोनदा आले होते. दावा लावावा का, असा सल्ला घेतला, एक नोटीस पाठवायला लावली आणि मुंबईला गेले ते पुन्हा आले नाहीत. मला चेहराही आठवत नव्हता. पण एका बाजूला दाव्याबद्दल सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात समोरच्या बाजूने उभे राहता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 33 वा नियम एवढा साधा आहे. शिवाय त्या गृहस्थांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 खाली आजही माझ्याजवळच राहायला हव्यात. मी वकीलपत्र सोडले आणि घेतलेली सगळी फी परत केली. बाईंच्या मनाई अर्जाची सुनावणी लांबली आणि दरम्यान बागेत दुसऱ्याच कोणाचे गडी शिरले. त्या एवढेच म्हणाल्या, “वकीलानू, ह्या आधी सांगूक नको होता?” यावर मी काय उत्तर देणार? हिरवी खूण दाखवू?

नंतर दोन रात्री बसून मी आपले सॉफ्टवेअर तपासले. त्या प्रतिवादीच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे. आडनाव इथे लिहीत नाही, उदाहरणाला ‘वऱ्हाडकर’ घ्या. हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो (‘तऱ्हा’तही तोच आहे, पाहा): एक तर खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. आमच्या जुन्या फाँटमधल्या याद्या 2022 मध्ये आपल्याच माणसांनी, वेगळे पैसे घेऊन, युनिकोडमध्ये आणल्या. त्यांत दुसरी तऱ्हा आहे. ज्युनिअर आज मोबाइलवरून टाइप करतो, त्यात पहिली येते. आपला शोध या दोघांना दोन वेगळी माणसे समजतो.

मग मी जुन्या नोंदीतलेच नाव जसेच्या तसे उचलून शोधात टाकले. तरीही हिरवी खूण! कारण कोर्टाचा केस नंबर नसलेली फाइल बंद केली की ती ‘सल्ला’ या कप्प्यात जाते आणि सेटिंगमध्ये एक चौकोन टिकमार्क केल्याशिवाय तो कप्पा शोधलाच जात नाही. हा चौकोन मुळात रिकामा असतो. प्रशिक्षणाला आलेल्या आपल्या प्रतिनिधीने त्याचा उल्लेखही केला नव्हता.

माझी खरी तक्रार इथे आहे. सॉफ्टवेअरला सगळे सापडेल अशी माझी अपेक्षा नव्हती. लग्नात मुलीचे आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदलते. 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर वाटपाच्या दाव्यांत मुलींचा हिस्सा बरोबरीने आला, त्यामुळे एकच बाई सातबारावर माहेरच्या नावाने आणि वकीलपत्रावर सासरच्या नावाने असते. हे जुळवणे माणसाचे काम, मला मान्य आहे. पण जो कप्पा उघडलाच नाही त्याच्यासकट ‘हितसंघर्ष नाही’ असे ठणकावून सांगायचा अधिकार सॉफ्टवेअरला कोणी दिला? ‘बंद फायली पाहिल्या नाहीत’ एवढी एक ओळ खाली आली असती तर मी स्वतः जुने बाड काढले असते.

मदत केंद्राने सुचवले की नावे इंग्रजीत टाका. ‘सावंत’ लिहिताना कोणी डब्ल्यू घालतो, कोणी व्ही. मग सिंधुदुर्गातल्या निम्म्या फायली परत हरवल्याच.

आमच्या जुन्या कारकुनांचे लाल रजिस्टर गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असे लावलेले होते. माणसाचे नाव विचारण्याआधी ते “जमीन खंयची?” म्हणून विचारत. भांडणारी माणसे बदलतात, हिस्सा नंबर सहसा तोच राहतो. जमिनीच्या वर्णनावरून शोध घेण्याची सोय आपल्याकडे आजही नाही.

तेव्हा चालू वर्षाची वर्गणी आणि याद्या युनिकोडमध्ये आणण्याचे घेतलेले पैसे परत करावेत. शोधात नेमके काय पाहिले जाते आणि काय वगळले जाते, हे लेखी कळवावे. ते निकालाच्या पानावरही छापलेले दिसले पाहिजे. माझा सगळा डेटा वापरता येईल अशा साध्या तक्त्यात द्यावा. तो पक्षकारांचा आहे, त्यामुळे यावर घासाघीस होणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून हात झटकण्याआधी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) चे स्पष्टीकरण आपल्या कायदा सल्लागारांना वाचायला द्यावे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू ‘व्यावसायिक’ वापरात धरलेली नाही, आणि आपले सॉफ्टवेअर मी तसेच घेतले आहे. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली, हे मला ठाऊक आहे. पण या व्यवहारात सेवा आपण दिली आहे आणि ग्राहक मी आहे.

सोबत: दोन्ही तक्रारींच्या पोचपावत्या, हिरव्या खुणेच्या पानाची प्रत (नावे झाकून), वर्गणीच्या पावत्या.

आपला,
खातेदार वकील, मालवण