परसात सगळीकडे ब्लॉक टाकू नका

प्रिय आई-बाबा,

काल व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले ना की मागचं सगळं परसू पेव्हर ब्लॉक टाकून घेतो, कोटेशनपण आलंय, तेव्हा मी गप्प बसले पण नंतर झोपच लागली नाही म्हणून लिहितेय. आईचे गुडघे दुखतात, रोज वाकून पाचोळा झाडणं तिला आता होत नाही, ते मला पटतंय. पण मग झाडूच नका ना.

स्वयंपाकघराच्या दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत वाट तेवढी ब्लॉकची करा, पावसात आई घसरायला नको, तिथे खर्च हवाच. बाकीचा पाचोळा गडी आला की त्याला सांगून लांब गडग्याच्या कोपऱ्यात, फणसाखाली ओढून ठेवा, जाळू मात्र नका. आई म्हणेल साप येईल, म्हणूनच घराच्या भिंतीला लागून काही नको, त्या जुन्या विटापण हलवा तिथून. ढिगात किडे, गांडुळं झाली की सातभाई अख्खी टोळी घेऊन येतात पानं उलटीपालटी करत, दयाळ येतो, भारद्वाज येतो. आई, भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणायचीस ना, तो किडे आणि गोगलगायी शोधतच परसात फिरत असतो गं.

आणि बाबा, लिंबावरची फवारणी प्लीज बंद करा. गणपतीत आले होते तेव्हा एका पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं, काडीने जरा हलवलं तर त्याने डोक्यामागून दोन ओलसर शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सुटला! अळी होती ती, फुलपाखराची. राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन, जी २०१५ पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, ती लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. तिच्या जातभाईंच्या अळ्या कढीपत्त्यावरपण असतात. खाऊ देत थोडी पानं, एवढं मोठं झाड आहे, लोणचं घालूनसुद्धा लिंबं वाटावी लागतात तुम्हाला. शिवाय चिमण्या स्वतः दाणे खातात पण पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात, आपण औषध मारलं तर त्यांनी भरवायचं काय?

पाण्यासाठी ती फुटक्या काठाची मातीची परात काढा, दोन बोटं पाणी आणि मध्ये एक दगड, म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत. पाणी रोज बदला, दोन दिवसांनी काथ्याने घासा, डासांची अंडी कडेलाच चिकटतात. मांजर दबा धरेल अशा झुडपाशेजारी नको, मोकळ्यावर ठेवा.

मी शिमग्याला येतेय, चिमण्यांसाठी लाकडी घरटं घेऊन येईन, सव्वा इंची भोकाचं, म्हणजे साळुंकी आत घुसत नाही. बाबा, मागच्या पडवीच्या वाशाला आपण दोघं मिळून लावू, शिडीवर मी चढेन, तुम्ही खालूनच सांगा. तोवर ब्लॉकवाल्याला फक्त वाटेचं माप द्या आणि आजच फोन करा त्याला.

तुमची,
ताई