दुखणं खरं मानणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या केसपेपरवर निदानाच्या जागी अजून प्रश्नचिन्हच आहे. त्याच्यापुढे एका आजाराचं नाव लिहिलंय, पण प्रश्नचिन्ह कुणी खोडलेलं नाही. तरी हे पत्र आजच लिहिते आहे. निदान पक्कं होईपर्यंत थांबले असते तर ते कधी लिहून झालं असतं कोण जाणे, आणि तुमचे आभार मला निदानासाठी मानायचेही नाहीत. मागच्या खेपेला रुग्णालयात आले तेव्हा कळलं, की तुमचं फिजिओथेरपिस्टचं कंत्राट संपलं आणि तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झालात. भेट राहून गेली. उघड पत्र लिहिण्याचं कारण इतकंच, की हात दुखतो आणि कारण सापडत नाही अशी माणसं मला आता जिथे तिथे भेटतात. त्यांनीही हे वाचावं. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधी माझं काय काय करून झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता उजव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या, मग काखेपासून कोपराच्या आतल्या अंगानं ठणका उतरायचा आणि खडू बोटांतून सुटायचा. रात्री हात डोक्याखाली घेऊन झोप लागली की जाग यायची ती बधिर, जड हातानं. घरी निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, महानारायण तेल झालं. रक्त तपासलं. साखर, थायरॉइड, युरिक ॲसिड, संधिवाताची चाचणी, सगळं ठीक निघालं. बी-१२ कमी होतं म्हणून इंजेक्शनं घेतली. थकवा गेला, हात तसाच राहिला. मानेच्या एक्स-रेत झीज दिसली म्हणून पट्टा आला. एमआरआयमध्ये पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती किंचित बाहेर आलेली दिसली. एका ठिकाणी कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबते, असं सांगितलं आणि मनगटाला स्प्लिंट दिला. मग नसांची एनसीव्ही तपासणी झाली, ती शॉक देऊन करतात ती. ती नॉर्मल आली.

रिपोर्ट नॉर्मल आला की घरात सगळ्यांना हायसं वाटायचं आणि मला रडू यायचं. एका डॉक्टरांनी फाइल मिटवून ‘टेन्शन कमी करा’ एवढंच सांगितलं. शाळेत कुजबुज सुरू झाली, की बाईंना निवडणुकीची ड्यूटी टाळायची असेल. हाताला ना सूज, ना प्लास्टर. लोकांना दिसणार तरी काय होतं?

तुमच्याकडे मला मानेच्या ट्रॅक्शनसाठी, म्हणजे मशीननं मान ताणून घ्यायला, पाठवलं होतं. चिठ्ठीत तेवढंच लिहिलं होतं आणि बाहेर बाकावर रांग होती, तुम्ही सरळ मशीन लावून मोकळ्या होऊ शकला असता. तुम्ही स्टूल पुढे ओढलंत आणि विचारलंत, ‘‘बाई, हात कधी दुखत नाही?’’

कधी दुखतो हे सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. मला उत्तर द्यायला वेळ लागला आणि तो तुम्ही मला दिलात. कणीक मळताना फारसा दुखत नाही. पोळ्या लाटताना नाही. वह्या तपासताना थोडाफार. दोरीवर कपडे वाळत घालताना, वेणी घालताना, फडताळातला वरचा डबा काढताना, एसटीत वरची दांडी धरून उभं राहिल्यावर आणि फळ्यावर मात्र दुखतो. सांगता सांगता माझं मलाच दिसायला लागलं, की हात खांद्याच्या वर गेला की दुखणं सुरू होतं. इतके दिवस मी कामांची नावं सांगत होते, हाताची जागा तुम्ही ओळखलीत.

मग तुम्ही केसपेपरच्या मागे माणसाची आकृती काढलीत आणि पेन माझ्या डाव्या हातात दिलंत. जिथे मुंग्या येतात तिथे ठिपके, जिथे ठणकतं तिथे रेघा. ते चित्र एमआरआयच्या रिपोर्टशेजारी ठेवून तुम्ही जे समजावलंत ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती नस दाबत असेल तर त्रास अंगठ्याच्या बाजूला जायला हवा, माझा करंगळीकडे जातो. कार्पल टनेलमध्ये दबणारी नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते, करंगळी तिच्या वाट्याला येतच नाही. वय वाढतं तशी चकत्यांची झीज हात अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते. तेव्हा जे दिसलं तेच दुखण्याचं कारण, असं धरून चालता येत नाही.

त्यानंतरची ती तीन मिनिटांची तपासणी. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर बाजूला, कोपरात दुमडून पंजे वर, आणि मुठी उघडायच्या, मिटायच्या. डावा हात चालत राहिला. उजव्या हाताच्या बोटांत आधी मुंग्या, मग दंडात आग, मग हात खालीच आला. तो ठणका, ज्याचा पुरावा मला कुठेच दाखवता येत नव्हता, तुमच्या डोळ्यांसमोर झाला. मी तुमच्याकडे पाहिलं तेव्हा तुम्ही घड्याळातली वेळ टिपून घेत होता.

निदान सापडलं असं तुम्ही म्हणाला नाहीत, याचं मोल मला नंतर कळलं. ही तपासणी धडधाकट माणसांमध्येही कधी कधी अशी येते, दुसऱ्या नसांच्या त्रासातही येते, हे तुम्हीच सांगितलंत. ‘‘मी निदान करत नाही. मला जे दिसलं ते डॉक्टरांना लिहून देते.’’ आणि खरंच एक पानभर लिहून दिलंत. कोणत्या हालचालीला किती वेळात काय होतं, कोणत्या बोटांना, आणि काय केलं की थांबतं. माझ्या जाडजूड फाइलमध्ये माझ्या हाताबद्दल लिहिलेलं सगळ्यात स्पष्ट पान ते आहे.

त्या पानामुळे पुढचं सगळं हललं. मानेतून आणि पाठीच्या अगदी वरच्या भागातून निघणाऱ्या पाच नसा वेणीसारख्या गुंफत हातात उतरतात, आधी मानेच्या बाजूच्या दोन स्नायूंमधून आणि मग कॉलरबोन व पहिली बरगडी यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं. तिथे त्या किंवा त्यांच्या सोबतच्या रक्तवाहिन्या दबल्या तर थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. हे नाव मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं. डॉक्टरांनी तुमचं पान वाचून मानेचा एक्स-रे पुन्हा पाहिला. मानेच्या सातव्या मणक्याला काही लोकांना जादा बरगडी असते, शंभरात एखाद्यालाही नसेल इतकी क्वचित, आणि असली तरी बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. मला ती नाही. फुप्फुसाच्या टोकाला गाठ असली तरी हाताच्या याच बाजूला दुखू शकतं, म्हणून छातीचा एक्स-रे झाला. तो हातात येईपर्यंतचे दिवस मला आठवायचेसुद्धा नाहीत. तो स्वच्छ होता. हात वर करून रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह पाहणारी सोनोग्राफी, झाला, तोही ठीक आला. म्हणजे रक्तवाहिनी नाही, राहिली ती नस. आणि रिपोर्टात काही न दिसता नसच दबते आहे असं म्हणावं की नाही, यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. माझ्या दोन डॉक्टरांमध्येही नाही. प्रश्नचिन्ह आहे ते म्हणून.

एनसीव्ही नॉर्मल असून दुखतं कसं, हे मला खूप छळत होतं. तुम्ही सांगितलंत, की ती तपासणी जाड, वेगवान तंतूंचा वेग मोजते. वेदना आणि ऊन-गार वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या टप्प्यात येत नाहीत. आणि वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्याखाली स्पष्ट नोंदवलं, की माणूस आपल्याला दुखतंय म्हणून सांगतो त्याचा मान राखला पाहिजे. हे मी घरी जेवताना सगळ्यांना सांगितलं. कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेले कपडे माझ्या आधीच दोरीवर गेले होते.

गोळ्यांचंही लिहायलाच हवं, कारण याच ठिकाणी पुष्कळ जण उपचार सोडतात. डॉक्टरांनी रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन लिहून दिली. मुलीनं मोबाइलवर पाहिलं तर ती नैराश्याची गोळी निघाली. म्हणजे इथेही मला मनाचाच आजार ठरवला, असं वाटून मी पाकीट घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की ही गोळी आणि ड्युलोक्सेटिन नैराश्याच्या, गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन फिट्सच्या, पण नसांच्या दुखण्यावर या सगळ्या वापरतात, आणि ॲमिट्रिप्टिलिनचा डोस त्यासाठी नैराश्यापेक्षा बराच कमी असतो. तेवढ्यावर न थांबता शेजारच्या खोलीत डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्याच तोंडून ते ऐकवलंत. सकाळी झापड येईल, तोंड कोरडं पडेल, मनानं एकदम बंद करू नका, हेही त्यांनी सांगितलं. सलग झोप लागायला लागली ती त्यानंतर.

व्यायाम म्हणून तुम्ही आधी श्वास शिकवलात, तेव्हा मला नवल वाटलं होतं. छातीनं वरवर श्वास घेणाऱ्याच्या मानेचे तेच दोन स्नायू सारखे बरगडी उचलत राहतात, म्हणून पोटानं श्वास. मग खांद्याच्या फऱ्याचे हलके व्यायाम, मग नस सावकाश सरकवण्याचे, आणि दुखेपर्यंत ताणायचं नाही ही ताकीद. पर्स खांद्यावरून उतरवून हातात घ्यायला लावलीत. एसटीत वरची दांडी सोडून सीटची कड धरायला शिकवलंत.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती शाळेसाठी दिलेली चिठ्ठी. मुख्याध्यापक आजाराचं नाव विचारत होते आणि नाव नव्हतं. तुम्ही डॉक्टरांशी बोलून नावाऐवजी काम लिहून घेतलंत. उजवा हात खांद्याच्या वर फार वेळ धरता येणार नाही, छातीच्या उंचीवर लिहिता येईल, मधे मधे विश्रांती लागेल. डॉक्टरांची सही झाली. मुख्याध्यापकांना एवढंच हवं होतं. आता मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहिते, वरचा भाग चौथीच्या पोरांचा. स्टुलावर चढून लिहायला त्यांच्यात भांडणं होतात, आणि शुद्धलेखन माझ्या देखत सुधारतंय. निदान नसतानाही माणसाला नोकरी नीट करता यावी अशी सोय होऊ शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अशा दुखण्यानं गांजलेल्या प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांकडे अशी चिठ्ठी मागावी.

आणि तुम्ही मला बजावलेलं त्यांनाही सांगते. हाताची ताकद कमी व्हायला लागली, तळहाताचा मांसल भाग झिजायला लागला, हात सुजला, निळा किंवा पांढराफटक पडला, ताप येऊ लागला किंवा वजन उतरू लागलं, चालताना तोल जाऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. हातासोबत छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर तसंच तडक रुग्णालय गाठायचं. बाकी वेळी वही ठेवायची, आणि हात कधी दुखत नाही तेही तिच्यात लिहायचं.

माझं सध्या असं आहे. दुखणं गेलेलं नाही. लग्नसराईत दगदग झाली की वाढतं, सुट्टीत उतरतं. काही दिवस दुपारपर्यंत हाताची आठवणही होत नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं आहे. तुमच्या पानाच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, आकृत्यांची वही सोबत नेणार आहे. ते प्रश्नचिन्ह काढतात की नवं नाव लिहितात, ते कळवीनच.

तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. खोलीला कुलूप असतं आणि बाकावरच्या बायका चौकशी करून परत जातात. त्यांच्यातल्या एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तिला व्यायामासाठी तासभराच्या वाटेवर जावं लागतं. आम्ही काही जणींनी मिळून ही जागा भरावी म्हणून अर्ज तयार केलाय, सह्या गोळा होत आहेत. मजकूर मुलीनं टाइप केला, सही मात्र मी उजव्या हातानं केली.

तिकडे घर मिळालं का? आईंची तब्येत कशी आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली कृतज्ञ,
शाळेच्या बाई