ब्रशपेक्षा गाळणीकडे बघा

महोदय,

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या छोट्या कारखानदारांनाही समुद्राकडची कामे खुणावू लागली. जहाजाचा तळ पाण्यातच साफ करणारे यंत्र हे त्यांपैकी एक. मोटर, चाके, ब्रश, कॅमेऱ्याची पेटी हे सगळे इथे बनू शकते. पण हे यंत्र पास होते की नापास, ते सुटलेली घाण ओढून गाळण्यावर ठरते, आणि त्याची चौकशी सगळ्यात शेवटी होते.

तळ साफ हवा, यात वाद नाही. अर्धा मिलिमीटर बुळबुळीत थर निम्म्या तळावर बसला, तरी जहाजाचा इंधनखर्च पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतो. मात्र बंदरात नुसता ब्रश फिरवला की दोन गोष्टी पाण्यात जातात. पहिली, तळाला चिकटून आलेले परके जीव. काळ्या पट्ट्यांचा शिंपला मूळचा मध्य अमेरिकेकडचा. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत तो केव्हाच रुजला आहे. तोच १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरिनांत, म्हणजे छोट्या नौका उभ्या करण्याच्या गोद्यांत सापडला, तेव्हा त्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतावे लागले. दुसरी गोष्ट रंगाची. तळाच्या बहुतेक रंगांत जीव बसू नयेत म्हणून तांब्याचे ऑक्साइड असते आणि ते हळूहळू झिरपावे अशीच त्याची रचना असते. कडक ब्रश महिन्यांची झीज काही तासांत उरकतो. जीव चिकटू नयेत म्हणून गुळगुळीत ठेवलेल्या सिलिकॉनच्या रंगावर तर ओरखडा उठला, की पुढच्या वेळी जीव तिथेच आधी धरतात.

म्हणून आधी पाहणी, मग साफसफाई. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत तळाला ० ते ४ असा दर्जा दिला जातो. १ म्हणजे फक्त बुळबुळीत थर. २ पासून बार्नॅकल (कवचाचे, घट्ट चिकटणारे जीव), शिंपले असे डोळ्यांना दिसणारे मोठे जीव सुरू होतात, आणि तिथून पुढे घाण पकडूनच सफाई करावी, असे ती सांगते. सपाट बाजूंचे फोटो छान येतात, पण खरी वस्ती असते ती समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांमागे, जहाज आडवे सरकवणाऱ्या पुढच्या पंख्याच्या (थ्रस्टरच्या) बोगद्यात, सुकाणूच्या सांध्यात आणि सुक्या गोदीत ठोकळ्यांवर टेकल्याने रंग न लागलेल्या पट्ट्यांवर. पाहणीत हे भाग नसतील तर तो अहवाल घेऊ नये.

आता गाळणी. यंत्राच्या डोक्याभोवती रबरी झालर असते आणि आतून पंप पाणी ओढतो. झालर सपाट पत्र्यावर नीट बसते, पण वेल्डच्या उंचवट्यावर, गंज रोखणाऱ्या जस्ताच्या पट्ट्यांवर आणि तळाच्या वळणावर फट पडते आणि घाणीचा ढग बाहेर निसटतो. नळीत शिंपल्यांचा गठ्ठा अडकला किंवा गाळणी तुंबली, की प्रवाह घटतो आणि ब्रश मात्र फिरतच राहतो. यावर उपाय साधा आहे: प्रवाहमापक ठरलेल्या आकड्याखाली गेला की ब्रशची मोटर आपोआप बंद पडली पाहिजे. सुरू करताना आधी पंप, मग ब्रश. थांबवताना आधी ब्रश, आणि नळी रिकामी होईपर्यंत पंप चालू.

मुंबईच्या खाडीत गाळ हीच मोठी डोकेदुखी. समजा पंप तासाला ६० घनमीटर पाणी ओढतो आणि त्यात लिटरला २०० मिलिग्रॅम गाळ आहे, तर तळाची घाण हिशेबात धरण्याआधीच गाळणीवर तासाला १२ किलो चिखल येतो. थेट ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिज, म्हणजे बदलता येणारी बारीक गाळणी लावली तर काही मिनिटांत तुंबते. म्हणून आधी शिंपल्यांसाठी जाळी, मग पाणी गरगरवून गाळ वेगळा करणारे सायक्लोन किंवा निवळ टाकी, मग ५० मायक्रॉनची पिशवी आणि शेवटी बारीक कार्ट्रिज, तीही दोन समांतर, म्हणजे एक बदलताना काम थांबत नाही.

विरघळलेले तांबे मात्र कोणत्याही जाळीत सापडत नाही. आपल्याकडचे प्लेटिंगवाले (धातूचा मुलामा देणारे) चुना किंवा कॉस्टिक घालून सांडपाण्याचा सामू (पीएच) ९ च्या आसपास नेतात आणि तांबे खाली बसवतात. समुद्राच्या पाण्यात ही युक्ती तशीच चालत नाही. बरेचसे तांबे सेंद्रिय पदार्थांना बांधलेले असते, आणि सामू आणखी वाढवला तर समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमच खाली बसून गाळाचा डोंगर होतो. इथे तांबे शोषणारे रेझिन (राळेसारखे बारीक मणी) लागते. पोलादाबाबतही एक इशारा: वाइनच्या टाक्यांना चालणारे ३०४ प्रतीचे स्टेनलेस पोलाद समुद्रात टिकत नाही, ३१६ सुद्धा फटीत गंजते. पंपाचे भाग ड्युप्लेक्स या जास्त गंजरोधक पोलादाचे, बाकी शक्य तिथे एचडीपीई हे टणक प्लास्टिक.

बंदरांनी परवानगी देताना यंत्र किती घाण पकडते याच्या माहितीपत्रकातल्या टक्केवारीवर समाधान मानू नये. नमुने तीन ठिकाणचे हवेत: प्रवाहाच्या वरच्या अंगाला, यंत्राच्या झालरीलगत आणि गाळून सोडलेल्या पाण्याचे, तेही भरती-ओहोटीच्या एकाच टप्प्यात. प्रत्येकात गढूळपणा, निलंबित घन पदार्थ, एकूण तांबे आणि ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळल्यानंतरचे, म्हणजे विरघळलेले तांबे मोजावे. झालरीलगतचा नमुना वगळला, तर गाळणीचा अहवाल स्वच्छ येतो आणि निसटलेला ढग कागदावर दिसतच नाही. जमलेला गाळ घातक कचरा म्हणून वजन करून द्यावा आणि त्याची पावती बिलासोबत जोडावी.

– सागरी पंप व गाळणी क्षेत्रातील काही वाचक, सातपूर, नाशिक