नोकिया ५८००: घ्यायचा का, आणि घेतला तर कसा वापरायचा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत की हा टचस्क्रीनचा नोकिया ५८०० घेतला तर गाणी, फोटो आणि डायरी अशी तिन्ही कामं एकाच फोनमध्ये होतील का. गाण्यांसाठी डोळे मिटून घ्या. डायरीसाठी घ्यायचा तर त्याच्या दोन-चार खोडी आधी माहीत असलेल्या बऱ्या, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पडद्याचं. या फोनचा पडदा आयफोनच्या काचेसारखा नाही. वर लवचीक प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्याखाली किंचित अंतरावर दुसरा थर असतो. दाबल्यावर दोन्ही टेकले की फोनला जागा कळते. त्यामुळे नुसतं बोट फिरवून काही होत नाही, थोडा दाब द्यावाच लागतो. बोटाच्या मऊ भागापेक्षा नखाने काम चटकन होतं, आणि मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात खोचलेली काडी वापरली तर सगळ्यात बरं. एका जागी दाबलं आणि शेजारचंच उघडतंय असं वारंवार व्हायला लागलं, तर सेटिंगमध्ये फोनच्या विभागात टच इनपुट आहे, तिथे कॅलिब्रेशन करा. पडद्यावर खुणा येतात, काडीने बरोबर त्यांच्या मध्यावर टेकवायचं.

तुम्हा दोघांनाही सगळ्यात जास्त वैताग येईल तो एकदा-दोनदाच्या घोळाचा. मेनूतली चित्रं एकदा दाबली की उघडतात. पण मेसेज, नावं, गाणी अशा याद्यांमध्ये पहिल्या दाबाने ओळ फक्त निवडली जाते, दुसऱ्या दाबाने उघडते. तुमचं काही चुकत नाही, हे सॉफ्टवेअर मुळात बटणांच्या फोनसाठी होतं, त्यावर टच नंतर चढवलाय, म्हणून हा दुटप्पीपणा. यादीत निवडलेली ओळ वेगळ्या रंगात दिसते. ती रंगली असेल तरच पुन्हा दाबायचं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता गाणी. सोबत ८ जीबीचं कार्ड येतं. चार मिनिटांचं एमपी३ गाणं १२८ केबीपीएसचं असेल तर जेमतेम चार एमबीचं होतं, म्हणजे दोन हजारांच्या आसपास गाणी मावतील. फोनची स्वतःची जागा मात्र फक्त ८१ एमबी आहे. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो मेमरी कार्डवर जातील असं पहिल्याच दिवशी करून ठेवा. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत "मेमरी फुल"ची रड सुरू होईल.

कॉम्प्युटरवरून गाणी भरताना वायर जोडली की फोन विचारतो, कुठल्या पद्धतीने जोडू? मास स्टोरेज निवडा, कार्ड पेनड्राइव्हसारखं दिसेल. त्या वेळात फोनला स्वतःचं कार्ड दिसत नाही. गाणी गायब झाल्यासारखी वाटतील, घाबरायचं नाही. भरून झालं की आधी कॉम्प्युटरवर "सेफली रिमूव्ह" करा, मगच वायर ओढा. अर्धवट ओढली तर कार्डातल्या फाइली खराब होऊ शकतात. आणि एवढं करूनही नवी गाणी यादीत दिसली नाहीत, तर म्युझिक प्लेयरच्या ऑप्शन्समध्ये "रिफ्रेश लायब्ररी" आहे, ते दाबायचं. बहुतेक वेळा "गाणी गेली" म्हणजे हेच राहिलेलं असतं.

आवाज खणखणीत आहे. दोन स्पीकर आहेत, पण दोन्ही एकाच कडेला. फोन आडवा धरला की ते नेमके तळहाताखाली जातात आणि आवाज घुसमटतो. हाताची पकड बदलली की लगेच फरक कळेल. हेडफोनची पिन नेहमीची ३.५ मिमीची, त्यामुळे साधा हेडफोनही चालतो. आई, तुझ्या रेडिओसाठीही हेडफोनची वायर लावावीच लागेल, कारण तीच एरियल असते. ती लावून आवाज स्पीकरवर घेता येतो, कानात घालायची सक्ती नाही.

व्हिडिओसाठी पडदा छान आहे, ६४० बाय ३६० ठिपक्यांचा. पण सगळ्या फाइली चालत नाहीत. एमपी४ बहुतेक वेळा चालते, एव्हीआय बहुतेक वेळा चालत नाही. ती कॉम्प्युटरवर एमपी४ करून घ्यायची आणि माप ६४० बाय ३६० च ठेवायचं. त्याहून मोठं केलं तर जागा जाते, चित्र अडखळतं आणि दिसण्यात काडीचाही फरक पडत नाही.

कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, दिवसाउजेडी चांगला. बटण अर्धं दाबून फोकस होऊ द्या, मग पूर्ण दाबा. फ्लॅश म्हणजे दोन एलईडी दिवे आहेत, हातभर अंतरावरच्या माणसापुरते. मागच्या भिंगाला झाकण नाही आणि बोट नेमकं तिथे लागतं. फोटो धुरकट आला तर आधी भिंग पुसा.

डायरीचं मात्र जरा ताणून लिहिते. कॅलेंडरचा महिन्याचा तक्ता सुंदर दिसतो, पण पडद्याची रुंदी जेमतेम चार सेंटिमीटर. त्यात सात वार बसवले की एका तारखेला साडेपाच मिलिमीटरच मिळतात, आणि बोटाचं टोक त्याहून मोठं. बाराला हात घालावा तर तेरावा उघडतो. इथे काडीच वापरा.

नोंद करताना फोन प्रकार विचारतो: मीटिंग, मेमो, अ‍ॅनिव्हर्सरी, टू-डू (म्हणजे करायच्या कामांची यादी). डॉक्टरांची वेळ मीटिंगमध्ये घाला, कारण तिथे सुरू होण्याची वेळ आणि गजर दोन्ही येतात. वाढदिवस अ‍ॅनिव्हर्सरीत घाला, तो दरवर्षी आपोआप येतो. पुनरावृत्तीत रोज, दर आठवड्याला, पंधरवड्याला, महिन्याला आणि वर्षाला एवढेच पर्याय आहेत. बाबा, तुमची रक्ताची तपासणी दर तीन महिन्यांनी असते, ती एका नोंदीत बसत नाही. चार वेगळ्या तारखांच्या चार नोंदी करा आणि प्रत्येकीला दर वर्षाची पुनरावृत्ती द्या. "कधीपर्यंत" हा रकानाही लांबच्या तारखेचा भरा, नाहीतर नोंद मध्येच संपते.

रोजच्या गोळ्या कॅलेंडरमध्ये घालू नका. महिन्याच्या तक्त्यात प्रत्येक तारखेवर खूण उमटते आणि डॉक्टरांची तारीख त्या गर्दीत दिसेनाशी होते. गोळ्यांसाठी घड्याळातला गजर रोजचा म्हणून लावा, सकाळचा वेगळा, रात्रीचा वेगळा. टू-डूचा मात्र मोह धरू नका, त्यापेक्षा फ्रिजवरची चिठ्ठी बरी.

नावांची यादी करताना फोनमध्ये साठवा, सिमवर नाही. सिमवर फक्त नाव आणि नंबर राहतो, फोटो किंवा वाढदिवस नाही. सिममधली नावं फोनमध्ये कॉपी केल्यावर प्रत्येक नाव दोनदा दिसेल. तेव्हा कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये फक्त फोन मेमरी दाखवा असं करा. पहिल्या पडद्यावर चार जणांचे फोटो लावता येतात, फोटोवर दाबून तिथूनच फोन लावता येतो. हा भाग खरंच झकास आहे. बाबा, वाचायचा चष्मा जवळ नसला तरी चेहरा ओळखू येतो.

महिन्यातून एकदा फाइल मॅनेजरमधून बॅकअप घ्या. नावं, मेसेज आणि कॅलेंडर कार्डवर जातं. पण फोन हरवला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं, म्हणून ती बॅकअपची फाइल कॉम्प्युटरवरही उतरवून ठेवा.

चार्जिंग कॉम्प्युटरच्या वायरने होत नाही. ती फक्त फाइलींसाठी. नोकियाचा बारीक पिनचा चार्जर लागतो, घरातल्या जुन्या नोकियाचा तसाच बारीक पिनचा असेल तर चालेल.

आणखी एक. पडद्यावर जाड स्क्रीनगार्ड बसवला आणि तो कानाजवळच्या सेन्सरवर (फोन कानाला लावला की पडदा बंद करतो तो) आला, तर बोलताना काळा झालेला पडदा फोन कानापासून दूर नेला तरी उजळत नाही, आणि कॉल बंद करताना धांदल उडते. गार्ड बसवून घेताना तेवढी जागा मोकळी सोडायला सांगा.

तुमची,
धाकटी

ता. क. काडी वापरून झाली की लगेच जागच्या जागी खोचा. टेबलावर ठेवलेली काडी दुसऱ्या दिवशी सापडत नाही.