वर गेलेल्या क्लबचं पुढे काय होतं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना आला की आपल्या क्रीडा पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या लीगमध्ये पोचला, खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत असा फोटो, आणि खाली 'फुटबॉलमधला सगळ्यात श्रीमंत सामना' वगैरे. बातमी खरीच असते, पण ती तिथंच संपते आणि वाचणाऱ्याला वाटतं झालं, या क्लबची ददात मिटली. मी बरीच वर्षं इंग्लंडच्या खालच्या लीग फॉलो करतो (हो, असेही लोक असतात) आणि माझं म्हणणं असं आहे की प्रमोशनने, म्हणजे वरच्या लीगमध्ये गेल्याने, क्लबचं भलं होतंच असं नाही, आणि ज्यांची वाट लागते त्यांची ती सहसा वरच्या लीगमध्ये लागत नाही, एकतर वर जाण्याच्या नादात आधीच लागलेली असते नाहीतर खाली आल्यावर लागते. वर असतानाचं वर्ष तसं बरं जातं, मॅच हरल्या तरी पैसे येत असतात.

पैसे किती, तर प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या नंबरावर येणाऱ्या टीमलाही टीव्ही वगैरेचे मिळून १० कोटी पौंडांच्या वर मिळतात, आणि दुसऱ्या लीगमधल्या म्हणजे चॅम्पियनशिपमधल्या साध्या क्लबला त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत इतके. शिवाय खाली आलात तरी पॅराशूट पेमेंट मिळतं, टीव्हीच्या पैशातला जो भाग सगळ्या क्लबना सारखा वाटला जातो त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. पण वर एकच वर्ष टिकलात तर तिसऱ्या वर्षाचं मिळत नाही. आता एवढं सगळं ऐकून कुणीही म्हणेल की मग तोटा कसला?

तर २०२३-२४ ला लुटन, बर्नली, शेफिल्ड युनायटेड वर आले आणि तिघंही त्याच सीझनला खाली गेले. शेफिल्डने १०४ गोल खाल्ले, ३८ मॅचच्या सीझनमधला हा रेकॉर्ड आहे. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच, साउथॅम्प्टन आले, तेही तिघंच्या तिघं परत. साउथॅम्प्टनचे सगळे मिळून १२ पॉइंट आणि सात मॅच शिल्लक असतानाच त्यांचं रेलिगेशन, म्हणजे खाली जाणं, पक्कं झालं. असं तिघंही एकदम परत जाणं आधी फक्त १९९७-९८ ला झालं होतं, आता लागोपाठ दोनदा. बर्नलीने तर खालच्या लीगमध्ये १०१ पॉइंट काढले होते आणि सगळे म्हणत होते काय सुंदर खेळतात, तोच खेळ वर खेळायला गेले आणि २४ पॉइंटांवर संपले. त्यात गंमत अशी की त्यांचे मॅनेजर कोंपनी रेलिगेशननंतर थेट जर्मनीतल्या बड्या बायर्न म्युनिक क्लबला गेले. म्हणजे प्रमोशनचा फायदा कुणाला होतो या प्रश्नाचं एक उत्तर मॅनेजरला असंही आहे.

बरं, खाली गेले म्हणजे नुकसानच झालं असंही नाही. इप्सविचने मँचेस्टर सिटीकडून लियम डेलॅप हा पोरगा घेतला, एक सीझन खेळवला आणि रेलिगेशन झाल्यावर कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेल्या किंमतीला, ३ कोटी पौंडांना, चेल्सीला विकला, घेतला होता त्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त मिळाले. हा शहाणपणाचा धंदा. क्लबचं खातं तपासायचं तर वर काय झालं यापेक्षा खाली येताना हातात काय होतं ते बघायला हवं.

माझ्या म्हणण्यात जे उदाहरण अडचणीचं आहे ते लुटनचं, म्हणून त्यावर जरा थांबतो. २०१४ पर्यंत हा क्लब पाचव्या पायरीवर खेळत होता, तिथून नऊ वर्षांत प्रीमियर लीगमध्ये, तेही प्लेऑफच्या, म्हणजे वर जाण्याची शेवटची जागा ठरवणाऱ्या सामन्यांच्या, फायनलला कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर हरवून. केनिलवर्थ रोड म्हणजे इतकं जुनं आणि चिमुकलं ग्राउंड की बाहेरच्या टीमच्या फॅन्सचा रस्ता घरांच्या रांगेखालून जातो, लीगच्या नियमात बसायला त्यांना एक स्टँड घाईघाईत नव्याने बांधावा लागला. यांनी उधळपट्टी केली नाही, मोठ्या नावांच्या मागे लागले नाहीत, आमच्यासारखे लोक जे जे करा म्हणतात ते ते केलं. तरी २०२४ ला खाली, आणि २०२५ ला अजून एक पायरी खाली, थेट तिसऱ्या लीगमध्ये. वर्षभर दर आठवड्याला हरणाऱ्या टीमला हरायची सवय लागते आणि ती सवय लीग बदलली म्हणून सुटत नाही, हे कुठल्याही हिशेबाच्या वहीत येत नाही. आता यावर कुणी म्हणेल की मग लुटनला प्रमोशन नकोच होतं. पण पाचव्या पायरीवर खेळत होते तेव्हाच्या लुटनच्या फॅनला विचारलं असतं की बाबा दहा-बारा वर्षांनी तू तिसऱ्या लीगमध्ये असशील, मधे एक वर्ष प्रीमियर लीग बघून झालेलं असेल, चालेल का, तर त्याने तिथंच मिठी मारली असती. आणि तोच प्रश्न २०२३ च्या फॅनला विचारला तर तो भांडायला उठेल. दोघंही बरोबर.

आता वर जायच्या आधीचं बघा. चॅम्पियनशिपमधले कितीतरी क्लब वर्षाला जेवढे कमावतात त्यापेक्षा जास्त नुसते खेळाडूंच्या पगारावर घालवतात. शंभर रुपये आले तर एकशे दहा पगाराला, बाकीचा खर्च वेगळा, आणि हे सगळं एका आशेवर की यंदा वर गेलो की फिटेल. दर वर्षी वर जातात तीनच, पहिले दोन थेट आणि त्यांच्या खालच्या काही नंबरांतून प्लेऑफ जिंकणारा एक. उरलेल्यांच्या उधारीचं काय?

२७ मे २०१९, वेम्बली, प्लेऑफ फायनल, अॅस्टन व्हिला विरुद्ध डर्बी काउंटी. दोन्ही क्लब वर जाण्यासाठी ऐपतीबाहेर खर्च करून बसलेले. व्हिला तर आदल्या वर्षी फायनल हरल्यावर टॅक्स भरायलाही पैसे नाहीत अशा अवस्थेत होता, नवे मालक आले म्हणून वाचला. डर्बीच्या मालकाने क्लबचं स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकून हिशेब जुळवला होता. व्हिला २-१ जिंकला. त्यानंतर डर्बी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्याचे आणि हिशेबातल्या भानगडींचे मिळून २१ पॉइंट कापले, आणि २०२२ ला टीम तिसऱ्या लीगमध्ये. व्हिला २०२५ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला पॅरिसशी खेळत होता. एका मॅचचा फरक!

पण एवढ्यावर 'बघा प्रमोशनचा केवढा फायदा' असं म्हणू नका, कारण वर गेल्यावर पहिल्याच सीझनला व्हिला एका पॉइंटने वाचलाय, शेवटच्या दिवशी. आणि जून २०२० मध्ये शेफिल्ड युनायटेडविरुद्ध त्यांचा गोलकीपर बॉल घेऊन सरळ गोललाइनच्या आत गेला होता, सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं, पण बॉल लाइनच्या आत गेला का ते सांगणाऱ्या गोललाइन टेक्नॉलॉजीने नेमकी तेव्हाच मान टाकली आणि गोल दिलाच नाही. मॅच ०-० सुटली आणि व्हिलाला एक पॉइंट मिळाला. तो गोल दिला असता आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं तर व्हिला खाली गेला असता, खर्च तर करून बसलेलेच होते. म्हणजे एकाच जुगारातले हे दोन खेळाडू, एकाचं नशीब चाललं. जिंकलेल्याकडे बोट दाखवून जुगार चांगला म्हणायचं असेल तर म्हणा.

खाली आल्यावर कसं मरायचं ते सनदरलँडकडून शिकावं, म्हणजे तेव्हाच्या सनदरलँडकडून. २०१७ ला खाली आले तेव्हा जॅक रॉडवेल आठवड्याला ७० हजार पौंडांच्या आसपास घेत होता आणि त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये रेलिगेशन झालं तर पगार कमी ही साधी अटच नव्हती. खेळाडूचा दोष नाही, सही करून देणाऱ्याचा आहे, त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर सोडला असता का पगार? पुढच्याच वर्षी सनदरलँड तिसऱ्या लीगमध्ये. प्रीमियर लीगमध्ये परत यायला २०२५ उजाडलं. ब्रॅडफर्ड १९९९ ला वर गेला, २००१ ला खाली आला, आणि २००७ येईपर्यंत चौथ्या लीगमध्ये. पोर्ट्समथ २००३ ला वर, २००८ ला एफए कप (इंग्लंडमधल्या लहान-मोठ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला, २०१० ला दिवाळखोर, २०१३ ला चौथ्या लीगमध्ये आणि शेवटी क्लब विकत घेतला तो फॅन्सनीच वर्गणी काढून.

लोकांना वाटतं हे सगळं श्रीमंतांचं दुखणं. अजिबात नाही, खालच्या पायऱ्यांवर तर अजून वाईट, कारण तिथं वर जाऊन टीव्हीचा पैसा येत नाही, खर्च मात्र येतो. नोकरी सांभाळून खेळणारे खेळाडू फुलटाइम करायचे, ग्राउंड नियमात बसवायचं, प्रवास वाढतो. किडरमिन्स्टर १९९४ ला आपली लीग जिंकूनही वर जाऊ शकले नाहीत, का तर ग्राउंड नियमात बसत नव्हतं. मेडस्टोन युनायटेडने १९८८ ला स्वतःचं ग्राउंड विकलं, १९८९ ला आपली लीग जिंकून फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत गेले, मॅच दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या ग्राउंडवर, आणि १९९२ ला क्लबच बंद. पुन्हा तळापासून उभा केला लोकांनी. (त्याच मेडस्टोनने २०२४ च्या जानेवारीत सहाव्या पायरीवरून येऊन एफए कपमध्ये इप्सविचला त्यांच्याच घरी हरवलं. इप्सविच त्याच सीझनला प्रमोशन मिळवून वर गेले!)

स्पेनमधल्या ऐबारची गोष्ट तर डोक्यावर हात मारून घेण्यासारखी. २७ हजार वस्तीच्या गावाचा क्लब, कर्ज शून्य, २०१४ ला पहिल्यांदा ला लीगाचं, म्हणजे स्पेनच्या पहिल्या लीगचं, तिकीट मिळवलं, तर नियम सांगतो तुमचं भागभांडवल कमी आहे, त्यात १७ लाख युरोंपेक्षा जास्त भर घाला नाहीतर उलट खालीच पाठवू. डोक्यावर कर्ज असलेले मोठे क्लब मजेत आणि ज्याच्याकडे कर्ज नाही त्याला तंबी. त्यांनी जगभरच्या लोकांना शेअर विकून पैसे उभे केले आणि २०२१ पर्यंत वर टिकले. पहिल्या वर्षी खरं तर रेलिगेशनच्या जागेवर संपले होते, पण एल्चे क्लबला पैशाच्या भानगडीमुळे खाली टाकलं म्हणून हे वाचले.

मग ज्यांना प्रमोशन पचलं त्यांनी वेगळं काय केलं? ब्रायटनचं ग्राउंड विकलं गेलं आणि १९९७ ला ते सोडावं लागलं, मग दुसऱ्या गावात, मग अॅथलेटिक्सच्या मैदानावर दिवस काढले, २०११ ला स्वतःचं नवं स्टेडियम झालं, आणि वर गेले २०१७ ला. स्टेडियम आधी, प्रीमियर लीग नंतर. ब्रेंटफर्डचंही तेच, नवं ग्राउंड २०२० ला, प्रमोशन २०२१ ला. आणि ब्रेंटफर्डचं मला सगळ्यात आवडतं ते हे की २०२० ची प्लेऑफ फायनल हरल्यावर त्यांनी रडत बसून सगळ्यांना वाढीव पगारावर थांबवून घेतलं नाही, गोल मारणारा ओली वॉटकिन्स सरळ व्हिलाला विकला, त्याच्या जागी पीटरबरोचा आयव्हन टोनी घेतला आणि त्याने पुढच्या सीझनला ३१ लीग गोल मारून टीम वर नेली. वर गेले नसते तरी क्लब मेला नसता, आणि मला वाटतं म्हणूनच वर जाऊन टिकले.

मी प्रमोशनच्या विरोधात आहे असा अर्थ कृपया काढू नये. वर-खाली नसेल तर लीगमध्ये राम नाही, २०२१ च्या एप्रिलमध्ये बड्या क्लबांनी स्वतःसाठी कायमच्या जागा राखून ठेवणारी सुपर लीग काढली तेव्हा त्यांच्याच फॅन्सनी दोन दिवसांत गुंडाळायला लावली. माझी तक्रार क्लबच्या वर जाण्यावर नाही, वर जाण्यावर घर गहाण टाकण्यावर आहे, आणि थोडीशी तुमच्यावरही आहे संपादक साहेब. प्लेऑफ फायनलची बातमी छापता तेव्हा हरलेल्या टीमवर किती उधारी आहे याची दोन ओळी माहिती द्या. वर गेलेल्या तिघांचं तीन वर्षांनी काय झालं यावर कधीतरी अर्धं पान खर्च करा. आणि निदान दुसऱ्या लीगचं टेबल तरी आठवड्यातून एकदा येऊ द्या, जागा नाही म्हणाल तर ट्रान्सफरच्या अफवांचा रोजचा कॉलम थोडा छाटा, त्यातल्या निम्म्या तर दुसऱ्या दिवशी तुम्हालाच खोडाव्या लागतात.

आपला,
क्रीडा पान आधी उघडणारा एक वाचक